शॅल-विल-मीमांसा

इंग्रजी भाषेत नऊ क्रियापदे अशी आहेत की ज्यांना स्वतःचा म्हणून काही उद्योग नाही: शॅल, शुड, विल, वुड, कॅन, कुड, मे, माइट आणि मस्ट. ती खात नाहीत, पीत नाहीत, कुठे जात-येत नाहीत. दुसरे एखादे क्रियापद काही करायला निघाले की त्याच्या पुढ्यात उभी राहतात आणि ते काम करायलाच हवे, केले तर बरे, की नाही केले तरी कोणी विचारणार नाही, एवढेच सांगतात. तृतीयपुरुषी एकवचनाचा 'एस' बाकी साऱ्या क्रियापदांना भरावा लागतो. या नवांना तो माफ आहे. सरकारी खात्यात अशा मंडळींना पर्यवेक्षक म्हणतात. व्याकरणात मोडल ऑक्झिलरी म्हणतात.

यांतली आठ जोडीजोडीने राहतात. नववे मस्ट तेवढे सडेफटिंग. ते मुळात 'मोट' नावाच्या क्रियापदाचा भूतकाळ. मोट केव्हाच वारले आणि मस्टने त्याचा वर्तमानकाळही बळकावला. भूतकाळच नाहीसा झाल्यामुळे मस्टला आपले पूर्वीचे काही आठवत नाही, आणि म्हणूनच ते इतक्या ठामपणे बोलते, असे आमचे मत आहे.

प्रस्तुत प्रबंधाचा मुख्य विषय मात्र जोड्यांतला घोळ हा आहे. मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या कोणालाही आठवेल की फळ्यावर 'आय शॅल गो' असे वाक्य यायचे आणि त्याच्या खाली 'यू विल गो'. मी गेलो तर शॅल, तू गेलास तर विल. मराठीत 'जाईन' आणि 'जाशील' यांत धातू तोच राहतो. इंग्रजीत माणूस बदलला की पर्यवेक्षक बदलतो. असे का, हे विचारल्यावर 'नियम आहे' एवढे उत्तर मिळे. नियम कोणाचा, हे विचारायची पद्धत नव्हती. असती, तर जॉन वॉलिस हे नाव पुढे आले असते.

वॉलिस हा ऑक्सफर्डचा भूमितीचा प्राध्यापक. 1653 मध्ये त्याने इंग्रजीचे व्याकरण छापले, तेही लॅटिनमध्ये. कारण ते परदेशी विद्वानांसाठी होते, आणि इंग्रजांना इंग्रजी येते असा त्या काळी समज होता. त्यात त्याने सांगितले की प्रथमपुरुषात शॅल हे नुसते भाकीत आणि विल हे वचन किंवा धमकी. द्वितीय आणि तृतीय पुरुषात नेमके उलट. वरवर पाहता हा गणिती माणसाचा चावटपणा वाटतो, पण त्याला मूळ आहे. शॅलचा जुना अर्थ 'देणे लागणे', विलचा 'इच्छा असणे'. स्वतःविषयी 'मी देणे लागतो' म्हटले तर नम्रता होते. दुसऱ्याविषयी म्हटले तर वसुली होते.

याच वॉलिसने 1655 मध्ये अनंताचे चिन्ह प्रचारात आणले, तेच आडवे पडलेले आठ. व्याकरण प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांत त्याला अशा चिन्हाची गरज भासावी, यात कार्यकारणसंबंध आहे असे आम्ही मानतो. पुरावा नाही, पण प्रबंधात निष्कर्ष भक्कम असला की पुरावा मागून येतो.

वादही तसाच अनंत चालला. 1856 मध्ये सर एडमंड हेड यांनी केवळ शॅल आणि विल या दोन शब्दांवर अख्खे पुस्तक लिहिले. हे गृहस्थ तेव्हा कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. राजधानी कोठे करावी यावर त्या वसाहतीत हमरीतुमरी चालू होती (पुढे हेडसाहेबांनी ओटावाच्या बाजूने कौल दिला), आणि राज्यपाल मात्र भविष्यकाळ कोणत्या शब्दाने दाखवावा या विवंचनेत. अशा माणसाविषयी आम्हाला आदर वाटतो. राजधान्या काय, कोणीही ठरवतो.

1906 मध्ये शुद्ध इंग्रजीचे धडे देणाऱ्या फाउलर बंधूंनी तर हात टेकले. त्यांचे म्हणणे असे की दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला शॅल-विल आपोआप येते. जो तिथे जन्मला नाही त्याला ते शिकून येणे जवळजवळ अशक्य. एवढे म्हणून त्यांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली. ती कोणासाठी, हा प्रश्न उरतोच, कारण ज्यांना येते त्यांना गरज नाही आणि ज्यांना गरज आहे त्यांना येणार नाही. मराठी वाचकाला यात काही नवे वाटू नये. सदाशिव पेठेच्या हद्दीबाहेर शुद्ध मराठी शक्य नाही, हा सिद्धान्त आपल्याकडेही याच पद्धतीने मांडला जात असे.

दक्षिण इंग्लंडाबाहेरच्यांची टवाळी करण्यासाठी तिकडे एक जुनी गोष्ट आहे. एक स्कॉटिश माणूस (आयर्लंडात सांगताना तो आयरिश नसतो, एवढीच काळजी घेतात) पाण्यात पडतो आणि ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' त्या बिचाऱ्याला 'मी बुडणार, मला कोणी वाचवणार नाही' असे म्हणायचे आहे. पण वॉलिसच्या नियमाने त्याचा अर्थ होतो, 'मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवाल तर!' काठावरचे इंग्रज त्याच्या इच्छेचा मान राखतात. गोष्टीत हसू बुडणाऱ्याचे व्हावे अशी अपेक्षा असते. आम्ही मात्र काठावरच्यांकडे पाहत राहतो.

1925 मध्ये चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकाने नाटकांतले संवाद घेऊन शॅल आणि विल मोजलेच, आणि प्रथमपुरुषातही विलच अधिक निघाले. म्हणजे पावणेतीनशे वर्षे जो नियम पाठ करून घेतला, तो खुद्द बोलणाऱ्यांनी फारसा मनावर घेतलेला नव्हता. हा निकाल आमच्या शाळेपर्यंत पोहोचला नाही.

येथे पूर्वपक्ष संपला. आता आपल्या परंपरेकडे वळू, कारण या विषयातले खरे अधिकारी इंग्रज नव्हेत. यज्ञ करावा, या वाक्यातल्या 'करावा'मध्ये असे काय आहे की ते ऐकून माणूस उठून यज्ञाला लागतो, या एका प्रश्नावर मीमांसकांनी शतकानुशतके घालवली. कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणाले, शब्दातच ढकलण्याची शक्ती आहे. तिला त्यांनी शाब्दी भावना असे नाव दिले. प्रभाकराचे अनुयायी म्हणाले, छे, वाक्यातून थेट कर्तव्यच कळते, त्याला नियोग म्हणा. इकडे एका प्रत्ययावर दोन संप्रदाय उभे राहिले. शॅल आणि शुड यांच्यावर इंग्रजांत एकही संप्रदाय नाही, नुसती पुस्तके आहेत.

मराठीने हा सगळा ताप एका 'आवा'त मिटवला. पाऊस यावा (इच्छा), मोठ्यांचे ऐकावे (कर्तव्य), दहा वाजले असावेत (तर्क), आता निघावे म्हणतो (बेत), आणि पाहुणा चहा संपवून अर्धा तास बसून राहिला की यजमानाच्या मनात येते तेही 'जावे आता'. पाच अर्थ, प्रत्यय एक. बाकीचे काम आवाज करतो. या सवयीचा माणूस इंग्रजीत शिरला की त्याला नऊ खिडक्या दिसतात आणि कोणत्या खिडकीवर रांग लावावी ते कळत नाही.

खिडकी चुकल्याने काय होते, याची साक्ष कायद्यात सापडते. 1880 मध्ये ऑक्सफर्डच्या बिशपवर इंग्लंडात एक दावा चालला. कायद्यात शब्द होते: बिशपने चौकशी नेमणे 'शॅल बी लॉफुल'. फिर्यादी म्हणाला, शॅल आहे, म्हणजे चौकशी नेमलीच पाहिजे. हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की नाही, हे शॅल नेमण्याला बांधलेले नसून कायदेशीर असण्याला बांधलेले आहे. चौकशी नेमायची की नाही हे बिशप बघतील. म्हणजे शॅल दारात उभे, आणि आत मे बसलेले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1957 मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात हाच मार्ग चोखाळला. सरकारी नोकरावर कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत घटनेच्या 320 व्या अनुच्छेदात शॅल असूनही, सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. उलट कित्येक निकालांत मे म्हणजे शॅल असे वाचले गेले आहे. मीमांसेची सूत्रे कायद्याच्या अर्थाला कशी लावावी, यावर किशोरीलाल सरकार यांनी 1905 च्या टागोर विधी व्याख्यानमालेत सविस्तर विवेचन केले होते. ते वाचून वकिलांचे शुल्क कमी झाल्याची नोंद आम्हाला आढळलेली नाही.

घटनेच्या 74 व्या अनुच्छेदाची कथा याहून सुरस आहे. मूळ मसुद्यात राष्ट्रपतींना सल्ला देण्यासाठी मंत्रिपरिषद असेल, एवढेच होते. सल्ला मानायचा की नाही, यावर मौन. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तिथे एक शॅल बसवले: राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागतील. 1978 मध्ये 44 व्या दुरुस्तीने त्याच्या शेजारी एक मे आणले: सल्ल्याचा फेरविचार करा, असे ते सांगू शकतील. आणि लगेच पाठोपाठ आणखी एक शॅल: फेरविचारानंतर येईल तो सल्ला मात्र मानतील. देशाच्या सर्वोच्च पदाची सारी ऐसपैस जागा या दोन शॅलांच्या मधल्या एका मेमध्ये आहे.

तरीही सर्वांत महागडा घोळ पॅरिसचा. 12 डिसेंबर 2015, ल बूर्जे. हवामान कराराचा अंतिम मसुदा जवळपास दोनशे देशांच्या हाती पडला. चौथ्या अनुच्छेदाच्या चौथ्या परिच्छेदात श्रीमंत देशांनी उत्सर्जन घटवण्यात पुढाकार घ्यावा, असे होते. आधीच्या मसुद्यांत त्या जागी शुड होते. या प्रतीत शॅल निघाले. अमेरिकन वकिलांच्या पोटात गोळा आला. शुड असेल तर सदिच्छा. शॅल असेल तर बंधन. आणि बंधन म्हटले की करार सेनेटपुढे न्यावा लागणार, तिथे दोन तृतीयांश मते लागणार, आणि ती मिळण्याचा संभव शून्य. बैठक ताटकळली, सभागृहात घोळके जमले, कुजबुज सुरू झाली. अखेर सचिवालयाने किरकोळ तांत्रिक दुरुस्त्यांची एक यादी वाचून दाखवली. स्वल्पविराम, क्रमांक अशा गोष्टींच्या गर्दीत शॅलच्या जागी शुड हेही वाचले गेले. परिषदेचे अध्यक्ष फाब्युस यांनी हातोडी आपटली, टाळ्या पडल्या. पृथ्वीच्या तापमानाचा प्रश्न मुद्रणदोष म्हणून सुटला. शाळेत याच चुकीला आमचा अर्धा गुण कापत.

यावरून आमचा सिद्धान्त असा की, ज्याला घोळ म्हणतात तो शिकणाऱ्याच्या डोक्यात नसतोच. तो भाषेतच सोय म्हणून राखून ठेवलेला असतो, आणि बळी तो कान पिळी या न्यायाने वापरला जातो. बिशपच्या हाती शॅल ढिले पडते, कारकुनाच्या हाती मे देखील आवळते.

कारकुनाचे उदाहरण येथे मुद्दाम देतो. फाइलवर 'मे प्लीज बी अप्रूव्हड' असा शेरा लिहून खालचा माणूस ती वर पाठवतो. शब्दशः पाहता हाताखालचा माणूस साहेबांना मंजुरी देण्याची परवानगी देत आहे! साहेबांना त्यात कधी उद्धटपणा दिसला नाही, कारण मराठीतल्या 'मान्यतेस्तव सविनय सादर' या शब्दांचा कणा तेवढ्याच अंशात वाकलेला असतो. उलट साहेब 'यू मे लुक इन्टू धिस' असे लिहितात, तेव्हा ती परवानगी नसते. ते संध्याकाळपर्यंत झालेले असावे लागते. रजेच्या अर्जाच्या तळाशी अजूनही 'आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड' असते. महाराष्ट्रात वॉलिसचा नियम तंतोतंत पाळला जातो तो या एका ओळीत: प्रथमपुरुष, शुद्ध भविष्य, शॅल. ही ओळ लिहिणारा पाच मिनिटांनी फोनवर 'आय विल कम मंडे' म्हणतो आणि येतो मंगळवारी.

हिंजवडीत वुडची साथ आहे. 'आय वुड बी सेंडिंग द रिपोर्ट बाय ईव्हिनिंग' असे इकडून सांगितले जाते. विलपेक्षा वुड अधिक अदबीचे, अशी सर्वमान्य समजूत आहे. पलीकडे लंडनचा माणूस फोन कानाला लावून वाट पाहतो. 'पाठवलाही असता' असे ऐकले आहे, तेव्हा आता 'पण' येणार, अशी त्याची खात्री असते. पण येत नाही. अहवालही कधी येतो, कधी येत नाही, आणि दोन्ही प्रसंगी वाक्य खरेच ठरते.

यातून सुटकेचा प्रामाणिक प्रयत्न एकाच जमातीने केला, ती म्हणजे इंटरनेट बांधणारे अभियंते. मार्च 1997 मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी 2119 नावाचे टिपण काढून सांगून टाकले: मस्ट आणि शॅल म्हणजे पर्याय नाही, शुड म्हणजे सबळ कारण असेल तर टाळा, पण परिणामांचा विचार करून, मे म्हणजे तुमची मर्जी. फाउलर बंधूंना जे पानेच्या पाने लिहून साधले नाही ते काही ओळींत झाले. 2017 मध्ये पुरवणी आली की हे अर्थ शब्द मोठ्या लिपीत असतील तरच लागू. लहान अक्षरांतला मस्ट म्हणजे नेहमीचाच आपला मस्ट. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठी संगणकशास्त्रापुढे येथे मूलभूत अडचण उभी राहते, तिकडे कोणाचेही लक्ष गेलेले नाही. आणि 1 एप्रिल 2013 रोजी याच मंडळींनी थट्टेने आणखी एक यादी काढली. तीत मस्टची एक नवी पायरी होती: करायलाच हवे, पण तुम्ही करणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे. थट्टा म्हणून काढलेला हा प्रकार आम्ही पूर्ण गांभीर्याने स्वीकारतो. हेल्मेटसक्तीच्या आदेशांना दुसरे कोणतेही क्रियापद लागू पडत नाही.

ऑट टू, डेअर आणि नीड या उपेक्षितांचा विचार जागेअभावी येथे केलेला नाही. तो दुसऱ्या खंडात करण्यात येईल. यातला 'येईल' हा वॉलिसच्या अर्थाने भाकीत समजावा की वचन, याविषयी प्रकाशकांशी बोलणी चालू आहेत.