अठ्ठ्याहत्तरच्या वर

जाड बाईला व्यायाम सुचवायला आपल्याकडे कुठलीही पात्रता लागत नाही. भाजीवाला, लिफ्टमधले शेजारी, पंगतीत तिसरी जिलबी वाढून घेणारी आत्या, सगळे तयारच असतात. चालत जा, सूर्यनमस्कार घाल, झुंबा लाव. ज्युदो मात्र कुणीच सुचवला नव्हता, म्हणून मी ज्युदो लावला.

शिवाय त्यातली एक गोष्ट मला भलतीच आवडली होती. बायकांचे वजनगट ४८ किलोपासून सुरू होतात आणि शेवटचा गट '७८ किलोच्या वर'. वर म्हणजे किती वर, ते कुणी विचारत नाही! क्यूबाच्या इदालिस ऑर्तिसने याच गटात २०१२चं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि आपल्या तुलिका मानने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. वजनकाट्यावर उभं राहून पात्र ठरल्याचा आनंद मला आयुष्यात प्रथमच झाला.

सर म्हणाले, "काकू, आधी डॉक्टरांना विचारून या." डॉक्टरीणबाईंनी टेप काढली. "आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी." मी विचारलं, "एका बाजूने का?" त्या हसल्या नाहीत. एक किलो वजन उतरलं तर चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार जवळजवळ चार किलोने हलका होतो, असं त्यांनी समजावलं. बीपीची गोळी चुकवायची नाही आणि सुरुवातीला कुणाला फेकू द्यायचं नाही, या अटींवर परवानगी मिळाली. दुसऱ्या अटीची मला गंमत वाटली. फेकणार कोण? वर्गात सगळी सातवी-आठवीतली पोरं.

तर ज्युदोत पहिल्यांदा शिकवतात ते पडायला. उकिडवं बसायचं, बूड टाचांजवळ न्यायचं, पाठीवर गोल घरंगळायचं आणि दोन्ही हात तिरके पसरून गादीवर सण्णकन आपटायचे. धक्का हातांवर वाटला जातो, डोकं वाचतं. मराठी माणूस पडला तरी नाक वर ठेवतो. इथे ते चालत नाही. हनुवटी छातीला टेकवायची आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर. "काकू, गाठ बघा, गाठ!" सर ओरडत होते. अहो, गाठ दिसली असती तर मी इथे कशाला आले असते? मधे एवढा मोठा डोंगर. मी अंदाजाने बघितलं आणि दळणाचा डबा कलंडावा तशी कलंडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पडणं फुकट असतं. फी असते ती उठण्याची. प्रत्येक वेळी मांड्यांनी आणि पोटाने सगळा देह जमिनीवरून वर आणायचा. जिममधले लोक यासाठी लोखंड उचलतात, मी घरूनच घेऊन आले होते. काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे माझी साखर खाली आली, बीपीही शहाण्यासारखं वागू लागलं. काटा मात्र ढिम्म. जेवणात काही न बदलता नुसत्या व्यायामाने भराभर वजन उतरतं असं सांगणारे एक तर विशीत असतात किंवा काहीतरी विकत असतात. पण खाली बसल्यावर उठताना मी आता सोफ्याचा हात शोधत नाही, आणि त्यापुढे काट्याचं मत मी विचारत नाही.

१८८२ साली टोकियोत ज्युदो उभा करणारे जिगोरो कानो स्वतः लहानखुरे; दांडग्या मुलांच्या त्रासाला कंटाळून ते जुजुत्सूकडे वळले होते. म्हणजे दांडग्यांना उलथवायला काढलेला हा खेळ, आणि आमच्या वर्गातली दांडगी मीच! कमरेवरून फेकताना आपली कंबर समोरच्याच्या कमरेखाली न्यावी लागते. बुटकेपणा आणि घेर यांचा एवढा सन्मान इतरत्र कुठे होत असेल असं वाटत नाही.

पुढे अटीची मुदत संपली आणि आठवीतल्या एका काडीपैलवान मुलीने माझी कॉलर धरली. ओढली, ढकलली, घामाघूम झाली. "काकू, जरा हलक्या व्हा ना!" सर म्हणाले, "ढकलू नकोस. त्या पुढे येतील तेव्हाच ओढ." मी एक पाऊल पुढे टाकलं आणि पुढच्या क्षणी छताचा पंखा बघत होते. हात मात्र बरोबर आपटले होते.

पोरगी आनंदाने नाचत होती. "सर, काकूंना पाडलं! आता डायरेक्ट पिवळा पट्टा ना?"

"आधी उठवून दाखव," सर म्हणाले.