‘त्यात काय एवढं?’वर घरगुती इलाज

माणसाचे दुधाचे दात पडू लागतात त्याच सुमारास कुतूहलही हलायला लागतं. पुढे दातांच्या जागी दात येतात आणि कुतूहलाच्या जागी ‘त्यात काय एवढं?’ येतं. हे मुळासकट काढता येत नाही. ढिलं मात्र करता येतं.

साहित्य : पातेलंभर दूध, एक पाल (घरातलीच घ्यावी), हळदीचा उभट डबा आणि मे महिन्यातली एक दुपार. मोबाइल घेतल्यास पदार्थ बिघडतो.

दूध गॅसवर ठेवून समोर उभं राहावं. पाणी नुसतं खळखळतं, दूध मात्र पातेलं सोडून निघतं. वर प्रथिनांचा नि स्निग्धांशाचा पापुद्रा धरतो, खालून आलेली वाफ त्यात कोंडते आणि सगळा फेस उचलला जातो. तुम्ही बघत असेपर्यंत यातलं काहीही घडणार नाही. तेवढ्यात भिंतीवर पाल दिसेल.

मनात शंकेची पाल चुकचुकली असं आपण सर्रास म्हणतो. भिंतीवरच्या पालीबद्दल मात्र कुणाला शंका येत नाही. ती छताला उलटी चालते. पायाला गोंद नाही. बोटांखाली डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस आहेत आणि रेणू-रेणूंमधल्या क्षीण ओढीवर तिचा सगळा संसार लटकलेला आहे. इथवर विचार पोचेतो दूध उतू गेलेलं असतं. घरातून जे ऐकू येईल ते निमूट ऐकावं.

आता मुख्य कृती. पुणेकरांनी 13-14 मेच्या सुमारास डबा रिकामा करून गच्चीवर सपाट जागी ठेवावा. सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि डब्याची सावली डब्याखाली गडप होते. दिल्लीकरांच्या नशिबी हे कधीच नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला. (हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.) बारा वाजता जाऊन ‘फसवलं’ म्हणत परतू नये. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाचं, सूर्य मात्र पुण्याचा, म्हणून साडेबारा. त्या मिर्झापूरच्या भानगडीत आणखी एक दुपार सहज जाते. जाऊ द्यावी.

शेजारच्या काकू वाळवणं राखायला वर असतीलच.

“काय शोधताय?”

“सावली.”

“हरवली?”

“अजून दहा मिनिटांनी हरवेल.”

यावर त्या घरी निरोप धाडतील. धाडू द्यावा. तोवर काकूही डब्याकडे वाकून बघत असतील.

मे हुकला तर जुलैअखेरीस पुन्हा संधी येते. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि सावली सकाळपासूनच नसते. ते यश धरू नये. हळद मात्र त्याच दिवशी डब्यात परत भरावी.