एक फाइल, बाकी तुमचं नशीब

लिनक्सवरच्या ‘अ‍ॅपइमेज’ची जाहिरात भारी: एक अ‍ॅप, एक फाइल, इन्स्टॉलची भानगडच नको. गोंदियाजवळच्या कामठ्यात कुणी मोबाइलच्या डेटावर ती शंभरेक एमबीची फाइल उतरवून घेतो नि डबल-क्लिक करतो. ढिम्म! एरर नाही, खिडकी नाही. ‘साहेब जेवायला गेलेत’ एवढंही कुणी सांगत नाही. टर्मिनलमधून चालवली की उलगडा होतो: ‘लिबफ्यूज२’ नावाची लायब्ररी हवी. उबुंटू या लिनक्स-प्रकाराने ती २०२२च्या २२.०४ आवृत्तीपासून सोबत देणं थांबवलं. स्वयंपूर्ण फाइलीची ही एवढीशी परावलंबी अट. घाईत तिच्याऐवजी नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज बसवाल, तर डेस्कटॉपचेच काही भाग उडायची सोय आहे. २४.०४मध्ये तीच लायब्ररी ‘लिबफ्यूज२टी६४’ झाली, कारण २०३८ साली ३२-बिटी घड्याळं गडबडणार, त्याची आतापासून तयारी. दूरदृष्टी असावी तर अशी! तसा फ्यूजशिवाय चालवायचा ‘एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन’ पर्याय फाइलीतच असतो. फक्त तो टाइप करायला टर्मिनल उघडावं लागतं, जे टाळायला म्हणून तर ही फाइल आणली होती.