पोच घेतली का?

समोरचा माणूस कोणत्या योजनेत बसतो, हे अण्णा त्याच्या चालीवरून ओळखतात. काठी टेकत म्हातारा आला की ‘श्रावणबाळ’. मोकळ्या कपाळाची बाई, बोटाला दोन पोरं, की ‘बाईला संजय गांधी, पोरांना बालसंगोपन’. आणि एखादं धडधाकट जोडपं, दोघांना नोकऱ्या, हसतखेळत समोरून आलं की अण्णांचा चेहरा उतरतो. “हे कशातच बसत न्हाईत,” असं ते इतकं हळहळून म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं त्या घरात काही विपरीत घडलंय.

गावोगावी असा एकजण असतो. कुठं निवृत्त गुरुजी, कुठं पोस्टातले भाऊ, कुठं अंगणवाडीच्या ताई. आमच्या कुर्डुवाडीत तो रेल्वे वर्कशॉपातला फिटर निघाला, यात नवल नाही. गावच रुळांवर वाढलेलं. 1897 साली बार्शी लाईटची चिमुकली गाडी इथून बार्शीला जाऊ लागली, पुढं पंढरपूर, लातूर, मिरज. मुंबई-सोलापूरच्या मोठ्या गाडीतून उतरून तिच्यात बसायचं तर कुर्डुवाडीला थांबणं आलं, आणि गाडी बदलणाऱ्याला फलाट दाखवणं हा गावाचा स्वभावच झाला. छोटी गाडी गेली, रुंद रूळ आले, अण्णा निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. कुणाचा अर्ज कुठं अडलाय हे ते अजून रेल्वेच्याच भाषेत सांगतात. “तुमची फाईल यार्डात उभी हाय.” “लूपलाईनला घातलीय, मागनं मेल येतीय.” आणि मंजुरीचं पत्र आलं की भर चौकात, “लाईन क्लिअर!”

त्यातून आमच्या तालुक्याचा मामला अण्णांच्या सोयीचा. तालुका माढा. तहसील माढ्याला, पण पंचायत समिती आणि प्रांत कचेरी कुर्डुवाडीत. खेड्यातली म्हातारी माणसं माढ्याचं काम घेऊन कुर्डुवाडीत उतरतात आणि कुर्डुवाडीचं घेऊन माढ्याला जातात. मधे अण्णा उभे. “आजी, कुठं चाललाव?” इथून सुरुवात होते. चहा संपेस्तोवर आजींचा नवरा कधी वारला, सुनेशी का फाटलं, रेशनकार्ड पिवळं की केशरी आणि बँकेच्या खात्याला आधार जोडलंय का, हे सगळं अण्णांच्या वहीत उतरलेलं असतं.

ही वही म्हणजे जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. डावीकडं ‘आवक’, उजवीकडं ‘जावक’, शेवटच्या रकान्यात ‘शेरा’. सरकारात अण्णांना कुणी नेमलेलं नाही, पण त्यांच्या घरून निघालेल्या प्रत्येक अर्जाला जावक क्रमांक असतो. सोबत रेक्झिनची पिशवी. तिच्यात अंगठ्यासाठी शाईचं पॅड, गोंदाची बाटली, कोर्ट फीची तिकिटं, स्टेपलर, फायलीच्या दोऱ्या आणि निम्म्या गावाचे पासपोर्ट फोटो. हे फोटो एका रिकाम्या तपकिरीच्या डबीत एकमेकांना चिकटून बसलेत. अण्णा त्यातून नखानं बरोबर हवा तो सोडवतात. एकदा मात्र एका विधुराच्या अर्जाला भलत्याच बाईचा फोटो लागला. त्यानं तो घरी नेल्यावर काय झालं, हे अण्णा सांगत नाहीत.

झेरॉक्स काढायची तर “दोन जास्तीच्या”. कशाला, हे विचारायचं नाही.

अण्णांचं खरं वैर नावांशी आहे. रेशनकार्डावर सखुबाई, आधारला सखूबाई, बँकेत एस. बाई. तिघी एकच आहेत हे म्हातारीला ठाऊक असतं, पण सरकारला ते कागदावर लागतं. जन्मतारखेचं त्याहून भारी. ज्यांना तारीख माहीत नव्हती त्यांच्या आधारकार्डावर 1 जानेवारी पडली. “आपलं निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलंय,” अण्णा म्हणतात, “त्या दिवशी दवाखान्यात काय गर्दी झाली असंल!”

पण सगळ्यांत अवघड जागा म्हणजे उत्पन्नाचा दाखला. संजय गांधी निराधार योजना 1980 सालची. तिच्यात बसायला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत लागतं. अण्णा हा हिशोब प्रत्येकाला नव्यानं करून दाखवतात. 21 हजार भागिले 365, म्हणजे दिवसाला 57 रुपये आणि वर चिल्लर. “आता मला सांगा, 57 रुपयांत घर चालवून दाखवणाऱ्या बाईला अनुदान कशाला, अर्थमंत्री करा की!” अनुदान महिन्याला पंधराशे, म्हणजे वर्षाला 18 हजार. नुसतं अनुदानच मर्यादेच्या काठाला जाऊन टेकतं. हा विनोद अण्णांनी अनेक कचेऱ्यांत सांगितलाय आणि कुठंच कुणी हसलेलं नाही. भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई अर्जात वर्षाला वीस हजार लिहिते. लिहिणाऱ्याला, सही करणाऱ्याला आणि मंजूर करणाऱ्याला बाजारातला कांद्याचा भाव चांगला माहीत असतो. यात बाई खोटी ठरते असं मला वाटत नाही. आकडाच खोटा बोलायला लावतो.

आता त्या पालुपदाकडे येतो, ज्यानं अण्णांनी अख्ख्या गल्लीला वीट आणलाय. “पोच घेतली का?” कागद दिला की पोच घ्यायची. नुसता शिक्का नाही, तारीख आणि आवक क्रमांकासकट. इथवर ठीक. पण अण्णा लग्नाची पत्रिका देऊन आलेल्या पोरालाही तेच विचारतात. आमच्या घरून पुरणपोळीचं ताट शेजारी गेलं, तर ओट्यावरून आवाज, “पोच घेतली का?” शेजारच्या वहिनींनी ताट परत करताना त्यात चार लिंबं घातली आणि वर सांगितलं, “ही अण्णांना दाखवा.”

याचं कारण ते 72 च्या दुष्काळात शोधतात. शाळा सोडलेले अण्णा तेव्हा आईबरोबर खडी फोडायला जात. सोलापूर जिल्ह्यात त्या वर्षी सुगीचं नाव नव्हतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी नुकती उभी राहत होती, कायदा व्हायला 1977 उजाडायचं होतं. मस्टरवर आईचा अंगठा घ्यायचा राहिला आणि आठवड्याची मजुरी बुडाली. “काम केलं त्याचा पुरावा काय, म्हणाले. पुढ्यात खडीचा ढीग व्हता!” असं अण्णा सांगतात. मावशी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, आतून म्हणतात, “तसं काही नाही, यांचा स्वभावच तसला. लग्नात हुंड्याच्या भांड्यांचीसुद्धा यादी करून सही मागत होते.”

अण्णांना वेळकाळ नाही, ही मात्र खरी तक्रार. आमच्या मागच्या गल्लीतला एक हमाल अचानक गेला. सावडून माणसं परत आली होती, ओसरीवर कुणी बोलत नव्हतं. अण्णांनी त्याच्या भावाला विचारलं, “वय काय होतं?”

“असंल साठीच्या आसपास.”

“आसपास न्हाय चालत. एकोणसाठ का साठ?”

भाऊ बघतच राहिला. अण्णांनी आधारकार्ड मागवलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला, बोटं मोडून झाली आणि एकोणसाठ पुरी होऊन वर काही महिने, असा हिशोब निघाला. “वाचलो बघा!” अण्णा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की आत रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. एका वडीलधाऱ्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि काय सुनवायचं ते सुनवलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मयताच्या दाखल्याला कोण जाणार?”

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस 18 ते 59 या वयात गेला तर घरच्यांना एकरकमी 20 हजार मिळतात. साठ पुरी झाली की संपलं. ही ओळ त्या ओसरीवर फक्त अण्णांना पाठ होती. पुढं पैसे जमा झाले तेव्हा हमालाच्या घरच्या बाई पासबुक घेऊन आल्या. अण्णा कुणाकडून पैसा घेत नाहीत, पण ‘एन्ट्री’ बघितल्याशिवाय सोडतही नाहीत. पासबुक उजेडाकडं धरलं, ओळीवर नख ठेवलं आणि “वीस हजार, जमा” असं दोनदा वाचलं. मग रजिस्टर काढून शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनानं ‘निकाली’ लिहिलं. बाई उभ्याच होत्या. त्यांना बसा म्हणायचं राहिलं.

कधीकधी हा उत्साह भलतीकडं जातो. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ मुलाच्या दहावीचे पेढे घेऊन आले. पोरगा क्रिकेटमधे पाय मुरगळून लंगडत होता. अण्णांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “टक्के किती?”

“अठ्ठ्याहत्तर,” बाप अभिमानानं म्हणाला.

“अरारा! चाळीसच्या वर असलं तरी बसतंय. सिव्हिलचं सर्टिफिकेट हाय का?”

पेढे ठेवून गृहस्थ गेले ते अजून आलेले नाहीत.

फोनवरचे अण्णा वेगळेच. पुण्यात एखाद्याच्या वडिलांना दाखल केलं आणि बिलाचा आकडा ऐकून पोरगं पायरीवर बसलं, की कुणीतरी अण्णांचा नंबर लावतं. तेव्हा आवाज एकदम हळू. “घाबरू नको. पैल्यांदा आरोग्यमित्र कुठं बसतो ते बघ. रेशनकार्ड फोनवर मागव. दवाखाना ट्रस्टचा असंल तर धर्मादायचं विचार. दहा टक्के खाटा फुकट, दहा टक्के निम्म्या दरात, हायकोर्टाची योजना हाय 2006 ची. एक लाख ऐंशी हजारांच्या आत उत्पन्न असंल तर निर्धन म्हणून लिही. तोंडी मागू नको, अर्ज दे. आणि पोच...” इथं सहसा पोरगंच म्हणतं, “घेतो अण्णा.”

या सगळ्यात माझी वर्णी अक्षरामुळे लागली. माझं अक्षर बरं आहे हा शोध अण्णांना लागल्यापासून माझा रविवार गेला. अर्ज ऑनलाईन भरायचा असला तरी एक हाताचा हवाच, ‘मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’ अशी सुरुवात हवीच. मी एकदा ‘मेहेरबान’ गाळलं, तर त्यांनी तो कागद मला परत दिला. “सही करणाऱ्याला बरं वाटलं पायजे,” म्हणाले. विषय, संदर्भ, मायना सांगून होतो, आणि मी विचारतो की मागणी काय लिहू, तर अण्णा खिडकीतून बाहेर बसलेल्या म्हातारीला विचारतात, “आजी, तुमचं नक्की काय हाय?”

लोक संशय घेतात. एजंट असंल, नगरपरिषदेला उभा राहणार असंल. अण्णा उभे राहत नाहीत, बसतात. एका कचेरीत साहेब मीटिंगला गेलेत असं सांगितलं, तर बाकावर बसून त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या आणि टरफलं कागदाच्या पुडीत नीट गोळा करत साहेब येईपर्यंत खाल्ल्या. भांडण नाही, आवाज नाही. शेवटी शिपायालाच राहवेना, त्यानं आतून शिक्का मारून आणला. कंटाळलेल्या म्हाताऱ्यांना ते इथल्याच लऊळच्या संत कुर्मदासाची गोष्ट सांगतात. हातपाय नसलेला कुर्मदास पैठणहून पंढरीला सरपटत निघाला, लऊळला थकला, तेव्हा पांडुरंगच त्याला भेटायला आला. “तो पांडुरंग व्हता. योजना लऊळला येत न्हाय. उठा, हयातीच्या दाखल्याची तारीख हाय.” आजी वैतागतात, “दर साली मी जित्ती हाय म्हणून काय सांगायचं?” अण्णा म्हणतात, “सांगताय तोवर बरं हाय की.”

2024 साली सरकारनं ‘योजनादूत’ नेमायचं जाहीर केलं, महिना दहा हजार रुपयांवर. अण्णांनी जीआर सगळा वाचला. वयाची अट 18 ते 35. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “आपण ह्यातबी बसत न्हाय.”

त्याच वर्षी ‘लाडकी बहीण’ आली आणि अण्णांच्या ओट्यावर जत्रा भरली. जीआर 28 जूनचा. आधी वय साठपर्यंत, आठवड्याच्या आत पासष्टपर्यंत. आधी उत्पन्नाचा दाखला हवा, मग पिवळ्या-केशरी कार्डाला नको. आधी 15 जुलै शेवटची, मग 31 ऑगस्ट. प्रत्येक बदलाला अण्णांचं वय दोन वर्षांनी उतरत होतं. सकाळी सातला सतरंजी टाकलेली, बायका रांगेनं बसलेल्या, हमीपत्रावर सह्या चाललेल्या, आणि मावशी आतून चहाची पातेली बाहेर पाठवताहेत. दूध संपलं, साखर संपली, शेवटी मावशी स्वतःच बाहेर आल्या, पदराला हात पुसत रांगेच्या टोकाला बसल्या आणि आपलं आधारकार्ड पुढं केलं. वय त्रेसष्ट. रांग गप्प झाली.

अण्णांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. “तू न्हाय बसत.”

“का?”

“घरात रेल्वेची पेन्शन येतीय. अट हाय तशी.”

“पेन्शन तुम्हाला, आणि अपात्र मी?”

बायका हसायला लागल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर ओढलं, आवकच्या रकान्यात पुढचा क्रमांक टाकला, मावशींचं नाव संपूर्ण लिहिलं, विषय लिहिला ‘लाभार्थीची हरकत’, आणि शेऱ्यात काय लिहावं या विचारात पेन धरून बसले. मावशींनी हात पुढं केला.

“पोच द्या,” त्या म्हणाल्या. “तारखेसकट.”