पर्यावरणपूरक सवयी आणि त्यांची खरेदी

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाच्या गृहजीवनाचा अभ्यास करू पाहणाऱ्यास एक गोष्ट लवकरच ध्यानात येते, ती अशी की या वर्गात पर्यावरणपूरक सवय लागण्यापूर्वी ती विकत आणावी लागते. ज्या घरात तीन पिढ्यांत कोणी स्ट्रॉने काही प्यायल्याची नोंद नाही, त्या घरातही स्टीलच्या चार स्ट्रॉ आणि त्या आतून घासण्याचा बारीक ब्रश असा संच पुठ्ठ्याच्या सुबक खोक्यातून येऊन पडतो, आणि कधीच न वापरलेल्या प्लास्टिकच्या स्ट्रॉचा त्याग केल्याचे पुण्य घरमालकाच्या खात्यावर रीतसर जमा होते.

या व्यवहाराचे उत्तम उदाहरण म्हणजे कापडी पिशवी. राज्य शासनाने 23 मार्च 2018 रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर पहिल्या गुन्ह्यास 5,000, दुसऱ्यास 10,000 आणि तिसऱ्यास 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांची कैद अशी शिक्षेची चढती भाजणी अमलात आणली. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईची गटारे कशाने तुंबली हे ज्यांनी पाहिले होते, त्यांना या कायद्याचे कारण समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही भाजीवाल्याने पातळ पिशवी गोणपाटाखाली सरकवली, आणि गिऱ्हाईकाने ‘एक असेल तर बघा ना’ हे वाक्य आवाज उतरवून म्हणण्याची कला आत्मसात केली. दुकानदारांनी मध्यममार्ग म्हणून ‘नॉन-वोव्हन’ पिशवी पुढे केली. ती विणलेली नसून पॉलिप्रोपिलीनचे तंतू उष्णतेने परस्परांस चिकटवून बनवलेली असते, म्हणजे दिसायला कापड आणि जातीने प्लास्टिकच. अधिसूचनेत तिचाही समावेश होता, परंतु तिच्या दर्शनी भागावर ‘प्लास्टिक टाळा’ असे हिरव्या अक्षरांत छापलेले असल्यामुळे तिच्याकडे संशयाने पाहणे कोणालाच प्रशस्त वाटले नसावे.

खऱ्या सुती पिशवीचा प्रसार मात्र कायद्यापेक्षा संक्रांतीने अधिक केला. हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या लुटणाऱ्या गृहिणींनी कापडी पिशव्यांचे वाण देण्यास आरंभ केला, त्यात साड्यांची दुकाने, पतपेढ्यांचे मेळावे आणि पर्यावरणविषयक परिषदा यांची भर पडली, आणि प्रत्येक घरात दारामागच्या खुंटीवर एक तट्ट फुगलेली पिशवी लोंबू लागली, जिच्यात फक्त पिशव्या असतात. मंडईत मेथीची जुडी हातात धरून उभ्या असलेल्या गृहस्थाजवळ यांपैकी एकही नसते, ही बाब संख्याशास्त्राला धरून नसली तरी अनुभवाला धरून आहे.

येथे जीवनचक्र मूल्यमापन ही संकल्पना उपयोगी पडते. एखादी वस्तू कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत हवा, पाणी, जमीन यांवर किती भार टाकते, याचा संपूर्ण हिशेब मांडण्याची ही पद्धत आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा हिशेबानुसार साध्या सुती पिशवीने बाजारातील प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधण्यासाठी केवळ हवामानबदलाचा निकष घेतला तर 52 वेळा, आणि सर्व निकष घेतले तर 7,100 वेळा वापरात यावे लागते. सेंद्रिय कापसाच्या पिशवीबाबत हाच दुसरा आकडा 20,000 वर जातो. रोज न चुकता एकदा बाजार केला तर त्यास सुमारे 55 वर्षे लागतील, म्हणजे लग्नात मिळालेली पिशवी सहस्रचंद्रदर्शनाच्या सुमारास ऋणमुक्त होईल. या हिशेबात नाल्यात अडकणाऱ्या आणि गाईच्या पोटात जाणाऱ्या पिशव्या धरलेल्या नाहीत, त्यामुळे तो प्लास्टिकच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र खुंटीवरच्या अकराव्या पिशवीविरुद्ध तो निश्चितच वापरता येतो.

जुन्या विजारीच्या पायाची शिवलेली पिशवी या हिशेबातून सहज सुटते, कारण तिच्यासाठी नव्याने कापूस पिकवावा लागत नाही. परंतु तिच्यात एक मोठा दोष आहे. ती गरिबीची आठवण करून देते. दुधाच्या पिशव्या धुऊन मोरीच्या टाइल्सवर चिकटवून वाळवणारी आणि महिनाअखेर त्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याला देणारी सासू ज्या सुनेच्या दृष्टीने कळकट होती, तीच सून प्रदर्शनातून ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशी चिठ्ठी लावलेली गोधडी भरभक्कम किमतीला आणते. घरातल्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या तत्पूर्वीच बोहारणीला देऊन झालेल्या असतात आणि त्यांच्या मोबदल्यात आलेले पातेलेही आता सापडत नाही.

पाण्याच्या बाबतीत हे शास्त्र अधिकच सूक्ष्म होते. दात घासताना नळ बंद ठेवावा, हा नियम शाळकरी मुलांनाही पाठ असतो आणि तो योग्यही आहे. त्याच घराच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आरओ यंत्र असते, जे पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यापलीकडे ढकलते आणि विरघळलेले क्षार अलीकडे अडवून ठेवते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे सर्वसाधारणपणे तीन लिटर पाणी त्या क्षारांसह मोरीत जाते. विरघळलेल्या पदार्थांचे हे मोजमाप टीडीएस म्हणून ओळखले जाते, आणि ते लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तेथे आरओ वापरण्यास मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सुचवले होते. भातसा-वैतरणेचे पाणी पिणारी मुंबई आणि खडकवासल्याचे पाणी पिणारे पुणे या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. तथापि यंत्र विकणारा तरुण काचेच्या पेल्यात दोन तारा सोडून पाणी तपकिरी करून दाखवतो, तेव्हा लवादाचा निकाल कोणाला आठवत नाही. पुढे याच यंत्रात, काढून टाकलेले क्षार परत मिसळणारी एक कुपी जादा पैसे भरून बसवली जाते. वाया जाणारे पाणी बादलीत धरून त्याने फरशी पुसता येते, परंतु बादली दिसली की ओट्याची शोभा जाते.

वातानुकूलन यंत्राबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. 2020 पासून तारांकित यंत्रे 24 अंशांवरच सुरू होतात, आणि त्यानंतर रिमोट हाती घेऊन तापमान 18 वर आणणे व वर उल्लेखिलेली गोधडी पांघरणे, एवढेच काम नागरिकाकडे उरते.

या सर्व घडामोडींत एक सवय मात्र रुजता रुजत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात आणि त्याची वर्गवारी करतात. आपल्या हातांना वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे लागू नयेत म्हणून त्यांनी केलेली विनंती एवढीच आहे की ते कागदात गुंडाळावे आणि वर लाल ठिपका काढावा. यासाठी रद्दीचा एक तुकडा आणि एक लाल पेन पुरते. मात्र हा ठिपका कोणत्याही दुकानात संचरूपाने मिळत नाही, संक्रांतीला वाण म्हणून लुटता येत नाही आणि त्याचे छायाचित्र काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे शिष्टसंमत नाही, त्यामुळे त्याच्या प्रसाराची गती मंद असणे समजण्यासारखे आहे.