बालगृहातील नवे दादा

ख्रिस्ती बालगृहात सेवेसाठी दाखल होणारा नवा स्वयंसेवक, म्हणजे मुलांचे ‘नवे दादा’, हा एक स्वतंत्र सामाजिक प्रकार असून, देणगीदार, सरकारी तपासनीस आणि वाढदिवसाचा केक घेऊन येणारे कुटुंब या शेजारच्या प्रकारांशी त्याची गल्लत होण्याचा संभव असला, तरी ‘काहीही काम सांगा’ या पालुपदावरून तो लगेच ओळखता येतो. ‘काहीही काम’ याचा त्याच्या मनातला अर्थ मुलांना इंग्रजी शिकवणे, गिटारवर गाणी बसवणे आणि त्यांच्यातले सुप्त गुण हुडकून काढणे एवढाच असतो. संस्थेच्या मनातला अर्थ तुरीची डाळ निवडण्यापासून सुरू होतो. त्याच्या पुढच्या सर्व हालअपेष्टांचे मूळ या तफावतीत आहे.

या प्रकाराच्या निरीक्षणाला भिगवणचा परिसर विशेष सोयीचा आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, म्हणजे भिंतीने अडल्यामुळे मागे पसरलेल्या भीमेच्या पाण्याकाठी वसलेले हे गाव मासळीबाजारासाठी आणि हिवाळी पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे, पाठीला सॅक लावून एसटीतून उतरणारा प्रत्येक शहरी माणूस रोहित पक्षी पाहायला आला आहे असे गृहीत धरले जाते, आणि बालगृहाचा पत्ता विचारण्याच्या आत त्याला कुंभारगावच्या होडीचा भाव सांगितला जातो. बालगृहातल्या मुलांनी केलेले वर्गीकरण याहून शास्त्रशुद्ध असते. रोहित थंडीत येतात आणि ऊन तापले की जातात, भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक मात्र घरटी बांधून पिले वाढवतात, हे ज्यांना ठाऊक आहे ती मुले नव्या दादांचीही अशीच दोन गटांत विभागणी करतात आणि पहिल्या आठवड्यात कोणालाही दुसऱ्या गटात घालत नाहीत. ‘दादा, तुम्ही किती दिवस हाय?’ हा प्रश्न म्हणजे नोंदवहीतला रकाना भरण्याची त्यांची पद्धत असते. नवा दादा मात्र तो जिव्हाळ्याचा समजून गहिवरतो.

गहिवर हा त्याच्या सामानातला सर्वांत अवजड जिन्नस होय. बालगृह म्हणजे अनाथाश्रम अशी त्याची समजूत असते. वस्तुतः बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 अन्वये बालगृह म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची नोंदणीकृत निवासी संस्था असून, मुलाला तेथे ठेवण्याचा आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते, आणि अशा मुलांपैकी अनेकांचे आई किंवा वडील हयात असतात. त्यामुळे पुण्यापासून जपून आणलेले सांत्वन नवा दादा एखाद्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सुरू करतो, तेव्हा ‘आई ऊसतोडीला गेलीया, पट्टा पडला की येती’ असे उत्तर मिळते (पट्टा पडणे म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपणे), आणि उरलेल्या सांत्वनाचे काय करावे हे त्याला कळत नाही. याच कायद्याचे कलम 74 मुलांची ओळख उघड करण्यास मनाई करते आणि उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगते, ही माहिती अधीक्षक त्याला नेमकी तो मुलांना खांद्याशी घेऊन मोबाइल वर धरतो त्या क्षणी देतात. छायाचित्र नसेल तर सेवा झाली हे मित्रमंडळींना कळावे कसे, हा या प्रकाराचा मूलभूत तात्त्विक पेच असून त्यावर अद्याप तोड निघालेली नाही. नाइलाजाने तो आवारातल्या चिंचेचा फोटो काढतो.

प्रार्थनेचा प्रसंग याहून कठीण. नवा दादा शहरातल्या इंग्रजी उपासनेत वाढलेला ख्रिस्ती असो की सदाशिव पेठेतला हिंदू असो, पेटी, तबला आणि झांजा यांच्या साथीने चाललेले ख्रिस्ती भजन ऐकून दोघेही सारखेच चकित होतात. पहिल्याला पियानोची अपेक्षा असते. दुसऱ्याला आपण चुकून कीर्तनाला आलो की काय अशी शंका येते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ती भक्ती ओवी-अभंगांच्या वळणावर आणली, तेव्हापासून मराठी मंडळी (‘मंडळी’ म्हणजे एका चर्चचा सभासदवर्ग) या गायनात मुरलेली आहे, याची दोघांनाही कल्पना नसते. भजनानंतर पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, अत्यंत आपुलकीने ‘आता नवे दादा जेवणाची प्रार्थना करतील’ असे जाहीर करतात. शालेय वक्तृत्व स्पर्धांखेरीज जाहीर बोलण्याचा कोणताही सराव नसलेला हा गृहस्थ प्रभूला उद्देशून झोकात आरंभ करतो, मध्ये भिगवणच्या निसर्गसौंदर्याचा उल्लेख करतो आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ असा समारोप करतो. त्यावर भाताकडे एक डोळा उघडा ठेवून बसलेली सगळी पंगत एकमुखाने ‘आमेन’ म्हणते. मुलांच्या दृष्टीने ती प्रार्थना उत्तम असते, कारण ती लहान असते.

नवख्यांची ही परंपरा या भागाला नवी नाही. भिगवणच्याच लोहमार्गावर, पुण्याहून येताना दौंडच्या अलीकडे, केडगावला पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली व स्त्रिया शेकड्यांनी राहत होत्या, आणि 1898 साली रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्या सहकारी सुंदराबाई पवार यांच्या जोडीला कारभार सांभाळण्यास मिनी एब्रम्स ही अमेरिकन मिशनरी बाई नुकतीच दाखल झाली होती. आजच्या नव्या दादाला मात्र कोठीच्या किल्ल्यासुद्धा मिळत नाहीत, याचे कारण त्याच्यावर अविश्वास आहे असे नव्हे. दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाकडे किल्ली दिली तर ती पुण्याला जाते, हा अनुभव आहे. केडगावात शेती, विणकाम आणि छपाई ही कामे तिथल्या स्त्रियाच करीत, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची जुळणी-छपाईही तेथेच झाली. अशा संस्थांत माणसाची ओळख त्याच्या हातातल्या कामावरून ठरत आली आहे, आणि नवा दादा तर हात मोकळे ठेवून मन भरून आणतो.

हात कामाला लावण्याचे शास्त्र स्वयंपाकघरातल्या मावशींना अवगत असते. त्या कोणाला काही शिकवत नाहीत. नुसती परात पुढे सरकवतात. मासळीच्या दिवशी चिलापीचे कालवण असते, आणि काट्यांच्या भयाने नुसता रस्सा ओढणाऱ्या नव्या दादाची अवस्था पाहून शेजारचे आठ वर्षांचे पोर त्याच्या ताटातला तुकडा उचलते, मधला काटा एका हिसक्याने अखंड उपसते, बोटाने चाचपून बारीक काटे बाजूला करते आणि मांस परत ताटात ठेवते, तेही आपल्या जेवणात खंड न पाडता. काळजी व संरक्षणाची गरज कोणाला आहे, हा प्रश्न त्या वेळी कायद्याच्या व्याख्येने सुटणारा नसतो.

नव्या दादाला बालगृहात आपली जागा नेमकी केव्हा मिळते, याविषयी स्वतः त्याचे मत ग्राह्य धरता येत नाही, कारण निरोपसमारंभात गळ्यात पडलेला हार हाच तो पुरावा मानतो. खरा पुरावा सकाळी शाळेच्या घाईत मिळतो. एखादे पोर ओल्या केसांनी धावत येऊन ‘ओ दादा, माझं बनेल कुठं ठिवलं तुम्ही?’ असे दरडावून विचारते. त्याच्या बनेलला नव्या दादाने हातही लावलेला नसतो. पण पाहुण्यावर कोणी आळ घेत नाही, घरच्या माणसावरच घेतात, आणि त्या दिवसापासून त्याला ‘नवे’ हे विशेषण लागत नाही.

अशी जागा हवी असणाऱ्यांनी पोलीस पडताळणीचा दाखला घेऊन, अधीक्षकांना आधी फोन करून जावे, आणि शक्यतो नाताळ टाळावा. डिसेंबरात केक आणि ब्लँकेटे घेऊन पुष्कळ लोक येतात. जूनच्या मध्यात शाळा उघडताना वह्यांना कव्हरे घालायला आणि दप्तरांचे बंद शिवायला माणसे मिळत नाहीत.