श्रद्धाळू कंपनी सरकार

मराठी घरातला नाणेसंग्रह हा बहुधा संग्रह नसतोच. टाकवत नाही म्हणून साठत गेलेला ऐवज असतो. आमचा बोर्नव्हिटाच्या डब्यात आहे. त्यातली खरी नाणी ओळखता येतात. घोडे अडते ते नाण्यासारख्या दिसणाऱ्या मंडळींपाशी.

पहिला मान ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, वन आना’ असे मिरवणाऱ्या चकतीचा. मागे साक्षात रामदरबार, पायाशी मारुतीराय. मामांच्या मते किंमत लाखांत. आता १८१८ साली कंपनी काय करत होती, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दुसऱ्या बाजीरावामागे फौजा पळवता पळवता साहेबाला मारुतीची भक्ती सुचली असेल, हे पटायला जड जाते. याच कुळातल्या काही चकत्यांवर तर १६१६ साल असते. तेव्हा इंग्रज वकील टॉमस रो जहांगिराच्या दरबारात व्यापाराच्या सवलतींसाठी ताटकळत होता. मुंबई कंपनीच्या हाती यायला १६६८ उजाडायचे होते. कंपनीने मुंबई इलाख्यासाठी पाडलेल्या तांब्याच्या पैशांवर तराजू असे. व्यापाऱ्याने आपले दैवत काही लपवले नव्हते.

भिंगाखाली तर सीतामाईचे नाक आणि लक्ष्मणाचे धनुष्य एकमेकांत वितळलेले दिसते, कडेला कानशीचे ओरखडे. म्हणजे ठशाने पाडलेले नाणे नव्हे, साच्यात ओतलेला माल. रामदरबाराची अशी चकती, म्हणजे रामटंका, देवघरात पुजण्याची रीत जुनी आहे, त्यात वावगे काही नाही. पण त्यावर कंपनीचे नाव आले की श्रद्धेला भाव फुटतो. असले नाणे तांदूळ ओढते, असे सांगून लोकांना लाखोंचा गंडा घालणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडलेल्या आहेत. तरी मामांनी वाटीभर आंबेमोहोर समोर ठेवून पाहिलाच. दाणा हलला नाही.

“बासमती लागत असेल,” मामा म्हणाले.

दुसरी वस्तू भोकाचा पैसा, १९४३चा. महायुद्धात धातू वाचवायला सरकारने पैशाच्या पोटातच भोक पाडले. डब्यातला हा एकमेव अस्सल गूढपुरुष. त्याला नळाचा वायसर समजून प्लंबर घेऊन निघाला होता.

तिसरी चकती पितळी. वर ठोकलेला ४७ आकडा, बाकी अक्षरे झिजलेली. “संस्थानी दिसते,” इति मामा. ते होते बँकेचे टोकन. चेक दिला की कारकून ते हातावर ठेवायचा. कॅशियरने नंबर पुकारला की ते परत करायचे आणि पैसे मोजून घ्यायचे.

परत करायचे, तर मग ते आमच्या डब्यात कसे? एक तर आजोबा पैसे न घेताच बँकेतून निघाले, किंवा पैसे आणि टोकन दोन्ही घेऊन निघाले. कोथिंबिरीची काडी फुकट मिळाल्याशिवाय आजोबा भाजीवालीसमोरून हलत नसत, त्यामुळे पहिली शक्यता आईने तिथल्या तिथे निकालात काढली. दुसरीचा विषय निघताच मामांना शेवटची एस.टी. आठवली.